साठ पावलांवरचा मामा

ते लग्न आठवलं की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कलम दोनशे एकोणसत्तरचा तो किरकोळ गुन्हा काही डोक्यातून जात नाही. निष्काळजीपणाने जीवघेणा रोग पसरण्याचा धोका निर्माण केला तर लागायचं ते कलम. शिक्षा फार तर सहा महिने किंवा दंड. तोवर मी ते खात्याच्या परीक्षेपुरतंच वाचलं होतं.

कोरोनाची दुसरी लाट होती. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मी ठाणेदार. सकाळी साडेनऊला ठाण्यातला फोन वाजला. बाईचा आवाज, घाईचा पण स्वच्छ.

"साहेब, वसतिगृहातला एक पेशंट पळाला. लग्नात येऊन राह्यला. बाराचा मुहूर्त हाय, त्याच्या आत धरा त्याले. घरात दम्याची म्हातारी हाय."

मी गावाचं नाव विचारेपर्यंत फोन बंद.

वसतिगृह म्हणजे आमचं विलगीकरण केंद्र. तिथल्या बंदोबस्ताच्या शिपायाला विचारलं, तर म्हणाला, "सर, सकाळची हजेरी पूर्ण आहे. सगळे हजर." मी विश्वास ठेवला आणि पाऊण तास लग्नाच्या परवानग्यांचे कागद उपसत बसलो. मग डोक्यात आलं, अरे, हा पठ्ठ्या हजेरी घेतो तरी कशी? विचारलं. फाटकाबाहेरून भोंग्यावर नाव पुकारतो म्हणे, आतून 'हजर' आलं की खूण करतो! आत जायची भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, त्या एकट्याला काय बोलायचं? पण बोललोच, आणि चांगलं झापलं.

किट चढवून मी स्वतः आत गेलो. एका खाटेवर चादरीखाली दोन उशा निजल्या होत्या. शेजारच्या खाटेवर एक किराणा दुकानदार होता. दारातूनच विचारलं, "शेठ, याच्या नावाला हजर कोण म्हणालं?"

"कोणाले मालूम साहेब. मी त झोपेत होतो."

"झोपेत दोनदा हजर म्हणता? एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा घसा बसवून?"

शिपायाने तसं काही सांगितलं नव्हतं. मी अंधारात तीर मारला होता, तो बसला. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या सांगतलं त्याले, जाऊ नको. पण बहिणीच्या पोरीचं लगन हाय साहेब. बाप नाही तिले. मामाच मांगं उभा नाही राह्यला त पोरीले कसं वाटन?"

आमच्याकडे अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा लागतो. गाव शेठनेच सांगितलं. मेडशीजवळचा भाजीपाल्याचा मळा.

साडेअकराला पोचलो. वांग्याच्या वाफ्यांशेजारी छोटा मांडव, परवानगीतली मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. "नवरीचा मामा कुठाय?" असं ज्याला विचारावं तो म्हणे, "दवाखान्यात हाय जी." शब्द तेच, सूर तोच. खरं बोलणारी माणसं कधी इतकी एकसारखी बोलत नाहीत.

गप्प बसून वाट पाहिली असती तर मंगलाष्टकांना मामा आपणहून बाहेर आला असता. पण नवरीच्या पाटामागेच खुर्चीवर तिची आजी धापा टाकत बसली होती. तो आला असता तर त्या म्हातारीला चिकटूनच उभा राहिला असता. मी हद्दपार करावं तसं सगळ्यांना मांडवाबाहेर काढायच्या विचारात होतो, तेवढ्यात नवरीची आई पुढे झाली. गावची आशा वर्कर. त्या महिन्यात दारोदार जाऊन लोकांचा ताप मोजत फिरणारी. ती विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे चालत गेली आणि दहा पावलांवर थांबली.

"दादा, बाहेर ये. पोलिसाले मीच फोन केला."

आवाज मी लगेच ओळखला. सकाळचाच.

दार उघडलं. नवे पांढरे कपडे, डोक्याला फेटा. "बाई, तू? माह्यावर पोलीस? काहून?"

"रोज मी लोकायले सांगतो, घराबाहेर निंगू नका. तूच माह्या दारात आला त मी कोणत्या तोंडानं सांगू? अन् सासूले काही झालं त?" बोलता बोलता ती हमसून रडायला लागली. मामाने फेटा उतरवला.

इकडे नवरी अडून बसली. "मामा नाही त मी पाटावर उभी राहत नाही."

रुग्णवाहिका यायला अवकाश होता. मी नियमावर बोट ठेवणारा माणूस, पण त्या मायलेकींकडे पाहून माझं काही चाललं नाही. मळ्याच्या टोकाला बांध होता. मी स्वतः पावलं मोजली, साठ भरली. मामाला तिथे उभं केलं, फेटा परत घालायला लावला आणि नवरीचा पाट बांधाकडे पाठ करून मांडून घेतला. भटजींनी दिशेची तक्रार काढली. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, ती मिटली. लग्न लागलं. मामाने बांधावरून टाकलेल्या अक्षता वांग्यांवर पडल्या.

नवरीच्या आईला म्हणालो, "ताई, फिर्याद सरकारतर्फे आमचा हवालदार देईल. तुमचं नाव कशाला?"

"माहा भाऊ हाय, माहंच नाव लिवा. आशाच्या घरालेही कायदा लागते हे कळू द्या लोकायले."

मी दोनशे सत्तर लावलं नाही. ते द्वेषापोटी जाणूनबुजून रोग पसरवणाऱ्याला, त्याला दोन वर्षं. इथे द्वेष कुठे होता? फिर्यादीतही नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो, माणूस फिर्याद देतो ते रागापोटी. जीव लावूनही फिर्याद देता येते, हे त्या बाईने मला शिकवलं. तिच्या सासूचा दमा आहे तसाच आहे, आणि म्हातारीही अजून आहे.

मामा बरा होऊन आला, नोटीस घेतली, तारखेला हजर राहिला, स्वतःच्या आवाजात. गुन्हा कबूल आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. वकील खुणावत होता, पण त्याने मागे बसलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"कबूल हाय साहेब. फिर्याद माह्या बहिणीची हाय. ती खोटं नाही बोलत."