उन्हात ठेवून पाहिलेला लॅपटॉप

माझा जुना लॅपटॉप अंबडच्या कोर्टासमोर, माझ्याच टेबलावर, एका भाडेकराराच्या मधोमध बंद पडला. भाडेकरू आणि घरमालक दोघेही माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काहीतरी दाबलं. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, फुंकर मारली आणि आता याला हात जोडा म्हणाला.

मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे टाइप करून देते. माझी जागा म्हणजे पत्र्याची शेड. तीन बाजूंनी बंद, चौथी रस्त्याकडे उघडी. दुपारनंतर ऊन सरळ टेबलावर येतं. पडदा लावला तर लोकांना वाटतं बाई घरी गेल्या, म्हणून मी पडदा लावत नाही.

माझ्या कामाचा एक रिवाज आहे आणि तो मी आजवर मोडलेला नाही. मजकूर तयार झाला की छापण्याआधी लॅपटॉप समोरच्या माणसाकडे फिरवायचा आणि म्हणायचं, वाचा. येत नसेल तर सोबतच्यानं वाचून दाखवायचं. मी स्वतः वाचून दाखवत नाही, कारण माझी चूक मी बरोबरच वाचणार. छापून का दाखवत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. शाई लागलेला कागद हातात आला की आपल्याकडचा माणूस मुका होतो. त्याला वाटतं, हे आता सरकारी झालं, यात आपण काय बोलावं. स्क्रीनवर असेपर्यंत तो निदान तोंड उघडतो.

तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे माझी रोजीरोटी आणि हा रिवाज, दोन्ही त्यावर टेकलेलं. आमच्या यांना मात्र तो प्रश्न सुटलेलाच वाटत होता. हे वडीगोद्रीला शाळेत शिक्षक. कुठलीही वस्तू घरात येण्याआधी हे मोबाइलवर तिचा व्हिडिओ बघतात. मिक्सर, पंखा, एवढंच काय, गुडघ्याचा पट्टासुद्धा. त्यातला एक मराठी पोरगा यांचा फार लाडका. लॅपटॉप उलटासुलटा करून दाखवतो, आणि बोलतो आपल्यासारखाच, ‘मंग’, ‘न्हाई’ असं बिनधास्त. त्यानं एका लॅपटॉपचं इतकं कौतुक केलं होतं की यांनी तो व्हिडिओ मला जेवताना दाखवला आणि चहा घेताना पुन्हा.

‘‘आपल्याकडचा पोरगा हाय,’’ हे म्हणाले. ‘‘आपल्या माणसाला तो कशाला फसवंल?’’

आमच्या भागाची ही जुनी खोड. परका माणूस खरं बोलला तरी आम्ही दहादा विचारतो, आणि आपल्या बोलीत कुणी बोललं की लगेच त्याला पाट मांडतो. भाषा आपली म्हणजे माल चोख, असं आम्हाला कुणी शिकवलं देव जाणे. मी तसं बोलले तर हे म्हणाले, त्यानं ढिगानं लॅपटॉप हाताळलेत, तुझा सगळा अनुभव एकाचा. मला ते झोंबलं.

पोरगा वाईट नव्हता, हे मी सांगायलाच हवं. लॅपटॉप कंपनीनं पाठवलाय, हे तो पहिल्यालाच सांगायचा. पंखा किती आवाज करतो, झाकण डुगडुगतं का, बॅटरी कुठवर पुरते, हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलं. पण तो बसायचा बंद खोलीत, पाठीमागे जांभळा दिवा लावून.

माझं माहेर हसनाबादचं. पेरणीआधी वडील ओल्या गोणपाटावर बी ओळीनं मांडायचे, गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि मग किती कोंब आले ते बघायचे. पिशवी कुठल्याही कंपनीची असो, दुकानदार सोयऱ्यातला असो. ‘‘पिशवीवरचं चित्र पेरायचं न्हाई, आतलं बी पेरायचंय,’’ असं ते म्हणायचे. मी त्यांची लेक आहे. मी यांना सांगून टाकलं की गोणपाटात घातल्याशिवाय मी लॅपटॉप घेणार नाही, मग तुम्ही रुसा नाहीतर फुगा.

हे थोडे फुगले. पण त्यांच्या शाळेतल्या एका सरांनी तोच व्हिडिओ पाहून तोच लॅपटॉप घेतला होता, तो यांनीच मला एका दिवसासाठी मागून आणून दिला. यांना वाटलं, एकदा हाताळला की बायको गप्प बसेल.

सकाळी मी खरंच गप्प होते. इतका हलका, इतका देखणा. अक्षरं उठून दिसत होती. मनात म्हटलं, झालं, आज घरी जाऊन हार मानावी लागणार.

दुपारनंतर भाऊ-बहीण आले. वडील वारले होते, जमिनीला वारसांची नावं लावायची होती. भाऊ नावं सांगत गेला, मी टाइप करत गेले. बहीण वयानं मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, बाकड्याच्या कडेला बसलेली. मी रिवाजाप्रमाणे लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली, मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, बराबर आहे. मी छापलं.

जाता जाता ती सहज बोलली की धाकटीलाही सहीला घेऊन येते. मी विचारलं, कोणती धाकटी? तिची धाकटी बहीण, सासरी असते. कागदावर त्या बहिणीचं नावच नव्हतं. भाऊ म्हणाला, राहूनच गेलं बघा. राहिलं की ठेवलं, ते त्याचं त्याला ठाऊक. मी त्या बाईला विचारलं, मावशी, तुम्ही तर वाचलंत ना?

ती ओशाळली. ‘‘काय वाचू बाई? मला त्यात माझंच तोंड दिसलं. म्हणलं, तुम्ही लिवलं म्हंजे बराबरच असंल.’’

मी उठून तिच्या जागी जाऊन बसले. उन्हात त्या सुंदर स्क्रीनमध्ये रस्ता होता, लिंबाचं झाड होतं आणि माझं घामेजलेलं तोंड होतं. मजकूर कुठे तरी मागे होता. पदर तिनं का नीट केला, ते मला तेव्हा कळलं. मला राग आला. भावाचा आला, लॅपटॉपचा आला, आणि सकाळी त्यावर भाळले म्हणून स्वतःचाही. धाकटीचं नाव घालून अर्ज पुन्हा केला आणि लॅपटॉप पिशवीत बंद केला.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे वाद घालतील म्हणून मी पदर खोचूनच होते. पण यांनी मोबाइल काढून तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि कीबोर्डच्या ठिकाणी थांबवला. पोरगा टाइप करून दाखवत होता: इंग्रजीत, स्वतःचं नाव. हे मागेपुढे करून बघत राहिले.

‘‘बोलतो मराठी,’’ हे शेवटी म्हणाले, ‘‘पण मराठीचं एक अक्षर टाइप करून न्हाई पाहिलं त्यानं.’’

त्यांचा आवाज इतका पडला होता की मला टोमणा मारवला नाही. उद्या जालन्याला जाऊ, एवढंच म्हणाले.

जालन्याच्या दुकानदारानं आमचं स्वागत छान केलं, चहा मागवला. मी म्हटलं, एकेक लॅपटॉप बाहेर पायरीवर नेऊ द्या, उन्हात बघायचाय. तो हसला.

‘‘बाई, लॅपटॉप हाय, पापड न्हाई, उन्हात ठेवायला.’’

‘‘मी उन्हातच बसते,’’ मी म्हटलं.

यांनीच एक लॅपटॉप उचलला आणि बाहेर चालायला लागले. मी पायरीवर बसून प्रत्येकावर तोच मजकूर टाइप केला, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, इथपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जोडाक्षरं आली की उजवी करंगळी शिफ्टवर जाते. काहींची ती कळ इतकी आखूड की बोट दरवेळी शेजारी पडायचं. मग हे माझ्या बाजूला, पक्षकार बसतो तसे बसायचे आणि वाचून दाखवायचे. आडवं येणाऱ्यांना शिक्षकी आवाजात बाजूला व्हायला सांगायचे. दुकानदार आधी वैतागला, नंतर त्यालाही चेव आला, आणि आतून एक मागे पडलेला लॅपटॉप त्यानं स्वतःच पुसून आणला. काळा, भाकरीच्या काठवटीसारखा जाड, स्क्रीनला जराही चमक नाही. यांच्या लाडक्या पोरानं त्याला एका व्हिडिओत हपिसातला डबा म्हटलं होतं. उन्हात त्यावरचं अक्षर न् अक्षर दिसलं. मी तोच घेतला.

व्हिडिओ मी अजूनही बघते. बाजारातून आलेल्या शेजाऱ्याला विचारावं, काय नवीन आलंय, तसं. पण माझ्या शेडमध्ये तो शेजारी बसणार नाही, हे विसरत नाही.

मध्ये काही महिने गेले. एका दुपारी ती मोठी बहीण परत आली, या वेळी धाकटीला घेऊन, आणि भाऊही होता. दोघी बहिणी जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देतात, असं लिहून हवं होतं. बोलला तो एकटाच. असे कागद आमच्याकडे नेहमीचे. बहिणी येतात, सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. मी लिहिलं, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. आणि लॅपटॉप फिरवला.

ऊन टेबलावरच होतं. मोठीनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द पुटपुटत वाचायला लागली. धाकटी तिच्या खांद्यावरून बघत होती. बोट ‘राजीखुशीने’वर आलं आणि थांबलं.

‘‘न्हाई बाई,’’ ती म्हणाली. ‘‘हे मी म्हणलेलं न्हाई.’’

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘अक्का, घरी बोलू आपण.’’

‘‘इथंच बोल. इथं मला दिसून राह्यलंय.’’

भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. धाकटीनं मोठीचा हात धरला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मोठीला विचारलं, ही ओळ पुसू का?

‘‘सगळंच पुसा,’’ ती म्हणाली.

मी पुसलं, आणि मजकूर गेल्याचं तिला दिसावं म्हणून लॅपटॉप पुन्हा तिच्याकडे फिरवला.