अंतराळातली पोथी आणि आईचा डोळा

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. बीएस्सी, फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी न विचारता सांगते, कारण विचारायला कुणी येत नाही.

घोटीजवळच्या गावाहून आईला आमच्या सातपूरच्या फ्लॅटवर आणलं ते मोतीबिंदूसाठी. उजवा डोळा पुरता पिकला होता, डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर उरकून घ्या. आणखी पिकला तर ऑपरेशन अवघड जाईल." आईने मान डोलावली. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बघू."

आमच्या गावात 'बघू' म्हणजे नाही. तिच्या शेजारणीचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, ते या 'बघू'च्या पोटात होतं. वर लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हाही प्रश्न. भात झोडून झालं होतं, म्हशी भावाकडे होत्या, तरी हिला परवाच्या एसटीने परत जायचं होतं.

तिला चार दिवस रमवावं म्हणून मी एक मालिका लावली. परदेशी, अंतराळातली, माझ्या जन्माआधीची. हॉस्टेलला मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी ती पारायणं करून पाहिली होती. माझं बरंचसं इंग्रजी तिच्यातूनच आलेलं आहे, म्हणून मी चिडले की एखाद्या ग्रहावर चाल करून गेल्यासारखी बोलते, असं नवरा म्हणतो. त्या मालिकेत चार-पाच भागांची एक गोष्ट, आणि एरवी दर गोष्ट वेगळी असते. पण एका सीझनमध्ये सगळ्या गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या आहेत. विश्वाचा तोल सांभाळणारी एक वस्तू असते. तिचे सहा तुकडे ठिकठिकाणी लपवलेले, प्रत्येक भलत्याच रूपात. नायकाने दर गोष्टीत एक तुकडा हुडकायचा. हाच सीझन मी लावला आणि शेजारी बसून मराठीत सांगू लागले.

"याला कुणी सांगितलं गोळा करायला?" आईने विचारलं.

"एका म्हाताऱ्याने. पांढरे कपडे, दाढी."

"देव हाय का?"

"म्हणतो तरी तसंच."

"मग बरोबर हाय," म्हणून तिने पदर सावरला.

पहिला तुकडा सापडला त्या संध्याकाळी आईने टीव्हीखालच्या फळीवर एक सुपारी ठेवली.

"हे गं काय?"

"एक घावला ना? त्याची मांडली."

जो देव घरात हजर नाही त्याच्या जागी आम्ही सुपारी मांडतो, हे मला ठाऊक होतं. ती अंतराळालाही चालते हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई दिवेलागणीला हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिने मालिकेची पोथी केली होती. रोज एक अध्याय. आणि धरलेली पोथी अर्धी सोडायची नसते.

दुसरी सुपारी मांडली त्या दिवशी हॉस्पिटलचा फोन आला. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळत होती.

"पोथी चालू हाय," आई म्हणाली. "सांगता झाल्याबिगर डोळ्याला हात लावू द्यायची नाय मी."

"आई, ती टीव्हीवरची मालिका आहे. त्यातला राक्षस रबराचा आहे."

"देव तरी कशाचा असतो? दगडाचाच ना?"

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "लावली कुणी?"

रोज एक भाग धरला तर आणखी तीन आठवडे गेले असते. डोळा काही सीझन संपायची वाट बघत थांबणार नव्हता. माझं फिजिक्स इथे कामाचं नव्हतं, म्हणून मी आईच्याच कायद्यात शिरले. "पोथीचा सप्ताह पण करतात ना गं? सात दिवसांत?"

आईने बोटांवर दिवस मोजले. "करत्यात. पण सप्त्याचे नियम असत्यात."

नियम असे: वाचणारीने अध्यायात उठायचं नाही. मोबाइल बंद. घरात कांदा-लसूण नाही. थोडक्यात, मला रजा टाकावी लागली. मी अंबडला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. साहेबांनी कारण विचारलं, तर घाईत तोंडातून गेलं, "घरी सप्ताह आहे." "अरे वा! मग प्रसादाला बोलवा," साहेब म्हणाले. जावईबापू संध्याकाळी खाली फिरून यायचे. त्यांच्या अंगाला कांदाभज्यांचा वास यायचा, तो आईला येत नसे. जावयाचा वास सासूला येत नाही.

सहावा तुकडा शेवटी एक जिवंत मुलगी निघाली. आई ताठ बसली. "पोरीची वस्तू करत्यात व्हय?"

तेव्हा मला शेवट आठवला. तो पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा लबाड निघतो. नायक सगळे तुकडे जोडतो, आणि ते म्हाताऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून सीझनभर जमवलेलं सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा विश्वभर उधळून देतो. आता आई म्हणणार, पोथी पुरी झालीच नाही. मग कसली सांगता आणि कसलं ऑपरेशन! शेवट बदलून सांगावा असं मनात आलं. तिला इंग्रजी कुठे कळत होतं? पण वाचणारीने पोथीत आपल्या पदरचं घालायचं नसतं. सात दिवसांत हे माझ्यासारख्या फर्स्ट क्लास बीएस्सीच्या डोक्यात बसलं होतं. मी होतं तसं सांगितलं.

आईने सुपाऱ्यांवरून हात फिरवला. "समदं उधळलं?"

"सगळं."

"पोरगी सुटली?"

"सुटली."

"मग उद्या गंगेवर जाऊ."

"कशाला?"

"बोळवायला. मांडलं ते बोळवायला नको? गणपती काय वर्षभर घरात ठेवती का तू?"

या शेवटावरून मी हॉस्टेलमध्ये अख्खं वर्ष भांडले होते. लेखकाला जमलं नाही, असं माझं ठाम मत होतं.

सकाळी रामकुंडावर आईने सहा सुपाऱ्या पाण्यात सोडल्या. घरी येऊन पुरणपोळी झाली, साहेबांसाठी डब्यातही गेली. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही उठायच्या आधीच आई पिशवी घेऊन दाराशी बसली होती.

डोळा छान झाला. पट्टी निघाल्यावर घरी येऊन तिने पहिल्यांदा छताकडे पाहिलं. "केवढी जाळी लागली हायत!" मग माझ्याकडे. "केस कधी पांढरे झाले गं तुझे?" मग काळा चष्मा सारखा करत म्हणाली, "लाव ती पोथी."

मी पहिला भाग लावला. राक्षस आला. आई पुढे वाकली.

"याच्या पायात बूट हायत."

"हो."

"भिंतीला माणूस धडकला तर भिंत हलली! आपल्या मखराचा पुठ्ठा बरा की गं."

"बंद करू?"

"राहू दे," आई म्हणाली. अध्याय संपेपर्यंत ती त्या पुठ्ठ्याच्या ग्रहाकडे टक लावून बघत होती. मग चष्म्याआडून तिने डावा डोळा चोळला.

"हा बाकी हाय अजून. याच्यासाठी जरा बारकी बघ एखादी."