संगमेशअण्णांचं मोठं चक्र

मुडबीच्या स्टँडजवळ संगमेशअण्णांचं गॅरेज आहे. दूधवाले त्यांच्याकडून मोटारसायकलच्या मागच्या चाकाचं दातेरी चक्र मोठं बसवून घ्यायचे. मग गाडी कॅनच्या ओझ्यासकट झटक्यात उठते, चढ सहज चढते, पण पळत मात्र नाही. अण्णांच्या घरी दोन म्हशी होत्या, म्हणून स्वतःच्या गाडीला त्यांनी सगळ्यांत मोठं बसवलं.

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी त्यांच्या बायकोला, श्रीदेवीअक्कांना, साप चावला. पदरानं त्यांना पाठीशी बांधून अण्णा बसवकल्याणला निघाले. इंजिन नुसतं बोंबलत होतं, काटा पन्नासाच्या पुढं हलत नव्हता. दुसऱ्याची गाडी मागून उपयोग नव्हता. गावातल्या सगळ्या गाड्यांना त्यांच्याच हातचं मोठं चक्र. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा अक्का गेल्या होत्या.

आता मोठं चक्र मागितलं की अण्णा आधी विचारतात, "घरी दुसरी गाडी हाय का?" नसली तर बसवत नाहीत. मीही दूध घालतो, घरी एकच गाडी. मलाही नाही म्हणाले. मी चिडलोच.

"मग तुमच्या गाडीला मोठं कामून ठेवलाव?"

अण्णा पाना पुसत राहिले.

"मला आता कुठं लवकर पोचायचं हाय?"