तंजावर आणि न फुटणारा तारा

तंजावरला शिकणारी नात मेधा दिवाळीला आली नाही, तेव्हाच ठरवलं, आता आपणच जायचं. मुलगा म्हणाला, गुडघ्यांचं काय? म्हटलं, ते माझ्याबरोबरच येतील.

मिरजेहून बेंगळुरू, तिथून रात्रीच्या गाडीनं सकाळी तंजावर. म्हाताऱ्यांनो, खालचा बर्थ आधीच मागून घ्या. मेधा स्टेशनवर आली ती फोनमध्ये डोळे खुपसूनच. ती कॉम्प्युटरवर तारे फोडते. मोठा तारा मरताना आत कोसळतो आणि मग उडतो म्हणे, तो हिशेबानं उडवून बघायचा. हिचा उडत नव्हता. आतून लाट निघायची आणि अर्ध्यात अडायची. फुटला तर यंदा पदवी, नाही तर आणखी एक वर्ष.

मोठ्या देवळात सकाळीच जा, उन्हं चढली की अनवाणी पायांखाली नुसता तवा. मी शिखर बघत होते, ही फोन. बरोबर तिची घरमालकीण होती. मराठीच, पण कैक पिढ्या इथल्या; बोली जुनी, मधूनमधून तमिळ. तिनं विचारलं, पोरगी ताऱ्यांचं शिकते, मग गच्चीवर कधी का जात नाही? मी म्हटलं, आकाशाकडे बघायला तिला सवड कुठाय!

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारु. साध्या टाऊन बसला बायकांना तिकीट नाही, म्हणून मेधानं ठरवलेली रिक्षा मी परत पाठवली. तिथला अशोका हलवा मुगाच्या डाळीचा, गरम, तुपानं निथळणारा, रुमाल न्या. कावेरीच्या घाटावर टेकलो तोच हिनं फोन काढला. लाट तिथंच.

मग म्हणाली, बरेच जण हिशेबात वरून थोडी आच वाढवतात आणि वाढवली असं लिहून टाकतात. सरही तेच सुचवतात.

"मग वाढव की. वर्ष वाचेल."

"फुटेल गं आजी. पण मग तो मी फोडलेला."

"आणि नाहीच फुटला तर?"

"काही तारे खरंच फुटत नाहीत. आतल्या आत जातात, काळे होतात."

मी चिडले. येताना बसमध्ये मी पुढं बसले, ती मागं.

घरी आले आणि आठवड्यात तिचा निरोप आला: नाही फुटला. तसंच लिहिलंय.

मुलगा म्हणाला, वर्ष फुकट गेलं. ते वर्ष मलाही बोचतंय, खोटं कशाला बोलू? पण त्याला समोर बसवून लाट कुठून निघते, कुठं अडते, सगळं सांगितलं. त्यातलं अर्धं मलाच कळलेलं नाही. पोरीनं पदरची आच लावली नाही, एवढं सांगायला मात्र माझी चौथीपर्यंतची शाळा पुरली.