डोंगरभर जावई

माझ्या सासऱ्यांएवढा गोतावळा अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नातेवाईक गवतात राहत होते. नेकनूरच्या वर डोंगरात त्यांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर सगळ्यांच्या सामाईक मालकीचं गवताचं कुरण. श्रावणात तिथं इतक्या तऱ्हेची रोपं उगवत की पाय कुठं ठेवावा कळत नसे. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, त्यातल्या चार-दोन रोपांपलीकडे कुणाचंही खरं नाव माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. गावातली पोरगी सासरी निघाली की डोंगरावरचं एक फूल तिच्या नावावर करून टाकायचं, हा त्यांचा आहेर. लग्नात भांडी देणारे पुष्कळ असतात. नवरीला मांडवाच्या कडेला बोलावून “ती कानासारख्या पानांची पिवळी हाय ना, ती आजपासून तू,” असं सांगणारा गृहस्थ मी एकच पाहिला. पंचमीला लेकी माहेरी आल्या की मामा त्यांना रांगेनं वर नेत आणि जिची तिची गाठ घालून देत. एकीला आपलं फूल फारच बुटकं वाटलं. तिनं दुसरं मागितलं, तर मामा शांतपणे म्हणाले, “बदलून मिळत न्हाई बाई. नवऱ्यासारखंच हाय ते.”

माझी बायको शालन ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या वाट्याला नखाएवढं निळं फूल आलं होतं. ते सकाळी उघडायचं आणि दुपारी मिटायचं. लहानपणी शालन जेवली की जागच्या जागी डोळे मिटायची, त्यावरून ही निवड झाली होती. मला मात्र मामांनी कुसळ दिलं. पहिल्या दिवाळसणाला मी डोंगर फिरून आलो तो पायजमाभर टोकदार कुसळं घेऊन. मामा माझ्या पायाशी बसून एकेक वेचू लागले आणि ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, “हे तुमचं, जावई. बोलत कायच न्हाई, पर चिकटलं की सोडत न्हाई.” सगळी ओसरी हसली. मी हसलो नाही. मी अंबाजोगाईच्या एका कचेरीतला कारकून, मुळातच अबोल. सासुरवाडीला जायचं, जेवायचं, घड्याळाकडं बघायचं आणि “शेवटची एस.टी. चुकेल” म्हणून उठायचं, एवढंच मला येत असे. शालनची पंचमी मी अशीच एका दिवसात गुंडाळत आलो. खरं सांगायचं तर एस.टी.चा काही संबंध नव्हता. त्या डोंगरावर ती जशी हसायची तशी माझ्या घरात हसत नसे, आणि ते मला बघवत नसे. हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही.

मामा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. तालुक्याचे साहेब दुधाची फॅट विचारायला आले की मामा त्यांना डोंगरावर यंदा कोण कोण आलंय ते सांगत, आणि साहेबांना ती नावं सोसायटीच्या सभासदांची वाटत. मग पाठोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. जनावरं छावणीत गेली. मामांनी भर सभेत ठराव मांडला, की डोंगर लई दमलाय, त्याला बाळंतिणीसारखं पडू द्या, कुणी विळा लावायचा न्हाई. ठराव एकमुखानं मंजूर झाला. पुढं पाऊस आला, गवत कमरेला लागलं आणि मामा मिशीला पीळ देत ते पाहुण्यांना दाखवू लागले. पण तोवर गोठ्यांना पोत्यातल्या खुराकाची सवय झाली होती. दसरा झाला की गाव टोळ्याटोळ्यांनी ऊसतोडीला निघून जाई, आणि गवत कापायचे दिवसही नेमके तेच. वाळलेलं गवत जागीच आडवं पडू लागलं. त्या जाड गादीखालून नाजूक काही डोकं वर काढीना. वर आलं ते कुसळ.

पंचमीला लेकी येत आणि मामा त्यांच्यापुढं ओशाळे होऊन गवत विस्कटत फिरत. “तुझी अडकली असंल सासरी, येईल पोळ्याला,” असं एकीला, तर दुसरीला आणखी काही. एका वर्षी कुणाचंच फूल सापडेना, तेव्हा ते धोंड्यावर टेकले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “जावई, डोंगरभर तुमीच झालात. लेकी कुठंच न्हाईत.” सवयीनं सगळे हसले. मी त्या दिवशीही हसलो नाही.

त्या दिवाळीला त्यांनी मला एकट्याला वर नेलं. जावयाला कामाला लावणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून मामांनी आधी मला धोंड्यावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि मग हातात विळा दिला. वाटेनं जाणारा एक म्हातारा ओरडला, “जावयाला गवताला जुंपलं का बे?” मामा म्हणाले, “कामाला न्हाई आणलं. त्यांची भावकी माजलीया, समजूत घालाया आणलंय.” मी विळा पेनासारखा धरला होता. ते बघून मामा हळूच म्हणाले, “सही न्हाई करायची, जावई. कापायचं हाय.” संध्याकाळपर्यंत आम्ही खळ्याएवढी जागा मोकळी केली आणि खालचा कुजका थरही ओढून काढला. मग दर दिवाळीला हेच. माझ्या ट्रंकेत टॉवेल साठत गेले. एका श्रावणात त्या खळ्यात कानांची पिवळी उगवली, तर मामांनी तिच्या सासरी फोन लावून तिच्या नवऱ्याला सांगितलं, “तुमची मंडळी उगवली बरं का.” मागून आणखी दोघी-तिघी आल्या. शालन तेवढी येईना. “रुसलीया,” मामा म्हणत आणि माझ्याकडं बघायचं टाळत.

यंदा चैत्रात मामा गेले. पंचमीला आम्ही दोघंच वर गेलो. शालन खळ्याच्या कडेनं वाकून वाकून बघत होती, आणि एका जागी थांबली. जवळ जाऊन पाहिलं तर देठावर निळं काहीतरी होतं. दुपार असल्यामुळे मिटलेलं. तिनं त्याला बोटही लावलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली. खाली रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. ती माझ्या मनगटाकडं बघत पदर सावरून उठू लागली.

“बस,” मी म्हणालो. “सकाळी उघडतं ते. आज राहू.”

ती परत खाली टेकली. मग गवताकडं तोंड करून, थेट मामांच्या सुरात म्हणाली, “ऐकलं का गं बायांनो, जावई मुक्कामाला हायेत.”