काचघरातलं वटवाघूळ

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या बागेतल्या काचघरात ती म्हातारी दर रविवारी दिसायची. ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनातून आणलेल्या एका झाडाच्या फुलांवरून लांब काठीचा कुंचला फिरवायची. कुंचल्याला स्वतःच्या मेलेल्या कुत्र्याचे केस बांधलेले. पराग केसाळ अंगालाच नीट चिकटतो, म्हणे.

"तिकडे हे काम वटवाघळांचं," एकदा तिने मला सांगितलं. "उन्हाच्या लाटेत ती झाडांवरून टपाटप मरून पडली. इथलं वटवाघूळ मीच. माझ्यामागे कोण?"

मी हसलो आणि पुढच्या झाडाकडे वळलो.

पुढच्या वर्षी झाड फुललं, पण कुंचला खिळ्याला टांगलेलाच होता. गळलेली फुलं एक कर्मचारी झाडून काढत होता. मी म्हातारीबद्दल विचारलं.

"अहो, ती वारली," तो म्हणाला. "पण झाडाला फुलं येतायत की. फळं हवीत कोणाला?"