मोडायची पिन

शाळा चौथीत सुटली, पण लेथवर माझा हात धरणारा अख्ख्या उद्यमनगरात दुसरा नव्हता. हे मी आजही म्हणतो. ते खरंच आहे, आणि घोटाळा तिथूनच झाला.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कबनूरला यंत्रमागाची शेडं असलेल्या एका मालकांनी हौसेखातर लाँच घेतली होती. नृसिंहवाडीला घाटाखाली ती बांधलेली असायची. रविवारी पैपावणे बसवून संगमापर्यंत फेरी मारून आणायची, एवढंच तिचं काम. पण घाटाला लावताना पाण्याची ओढ तिचं तोंड फिरवायची आणि कड पायरीवर आदळायची. म्हणून मालकांनी मुंबईहून एक यंत्र मागवलं. लाँचच्या नाकाडात, पाण्याखाली, या कुशीतून त्या कुशीत आरपार एक नळकांडं, त्यात वीतभर पंखा आणि वर बॅटरीवर चालणारी मोटर. दांडी डावीकडं ढकलली की नाक डावीकडं सरकणार, उजवीकडं ढकलली की उजवीकडं. बसवायला मला बोलावलं. तसलं यंत्र मी बापजन्मात बघितलं नव्हतं, पण तसं बोलून दाखवलं नाही.

लाँच चालवायला वाडीचाच एक म्हातारा नावाडी होता. जन्म वल्ह्यावर गेलेला. मी त्याला मामा म्हणायचो. पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा तो नाकाडाजवळचे बुडबुडे बघून म्हणाला, "मिस्त्री, नाकात पंखा घातलाय, आता हिला शिंका येत्याल की!"

पण शिकला माझ्याआधी. दांडी दाबायची, मनात तीन मोजायचे आणि सोडायची. जास्त धरली तर मोटर तापते. महिन्याभरात तो लाँच अशी लावायला लागला, की पायरीवर ठेवलेला तांब्या हलायचा नाही.

मोटरचा दांडा आणि पंखा यांच्यामध्ये एक पितळेची पिन होती, पेन्सिलीहून बारीक. पंख्यात काही अडकलं की पिन मोडायची, पंखा सुटा पडायचा आणि मोटर वाचायची. मोडण्यासाठीच केलेली पिन. आणि वाडीच्या पाण्यात अडकायला काय कमी? हार, दोरे, नारळाच्या शेंड्या, सोडून दिलेली वस्त्रं. पंधरा दिवसाला पिन जायची. मग मी जयसिंगपूरला एस.टी. बदलून वाडी गाठायचो. बॅटरीत पाणी घालायचं, ग्रीस भरायचं, नवी पिन ठोकायची. मामा मला लांबूनच बघायचा आणि घाटभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "आलं बघा, मोडकी पिनवालं!"

लोक हसायचे. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र डोक्यात गेलं. माझ्या हातचं काम आणि मोडकं? पिन मोडली पाहिजे हे मला पक्कं ठाऊक होतं. न कळून केलं असतं तर आज लिहायला बसलो नसतो. लेथवर पोलादाची पिन काढली, मापाला केसाचा फरक नाही, आणि पुढच्या खेपेला गुपचूप बसवून आलो. मामालाही सांगितलं नाही. दोन महिने मोडली नाही, की घाटावर चारचौघांत त्याची जिरवायची, असा बेत होता.

पाच आठवडे बोलावणं आलं नाही. मी रोज खुशीत.

मग एका सोमवारी सकाळी मालकांचा माणूस कारखान्याच्या दारात आला. "लाँच बघायला चला. नावाड्याचा हात पंख्यात गावलाय."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी पंख्यात एक धोतर गुंडाळलं गेलं. पंखा अडकला म्हणजे पिन मोडली, म्हणजे पंखा मेला, हे मामाच्या अंगवळणी पडलेलं. नेहमीसारखा तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि नळकांड्यात हात घालून कापड ओढू लागला. पण या वेळी पिन मोडली नव्हती. अडकलेल्या मोटरनं एवढी वीज ओढली, की स्विच आतल्या आत चिकटला होता. दांडी सोडली तरी वीज सुरूच. कापड सुटलं आणि पंखा फिरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी एकट्यानं यंत्र उघडलं. पिन शाबूत होती, साधी वाकलीही नव्हती. सगळ्यात आधी ती ठोकून काढली, पितळेची घातली आणि पोलादाची खिशात टाकली. मग मालकांना हाक मारून चिकटलेला स्विच दाखवला. म्हणालो, "हात घालायच्या आधी बॅटरीची वायर काढाय पायजे हुती त्यानं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते खपलं. मालक म्हणाले, "वय झालं त्याचं." पंधरा दिवसांत लाँचवर दुसरा माणूस आला. मामा घाटावर नारळ विकू लागला. गिऱ्हाइकाला नारळ डाव्या हातानं द्यायचा आणि "चुकी माझीच" म्हणून गोष्ट सांगायचा.

वर्षभरानं मी त्याच्या घरी गेलो. मामी चहा ठेवत होत्या. मी सरळ बोललो, "मामा, त्या दिवशी आत पोलादाची पिन हुती. मी घातल्याली. तुमची काय चूक न्हाय."

मामा हसायलाच लागला. "मिस्त्री, आजपातूर चुकलो म्हणून एक शबुद तरी तुमच्या तोंडातनं निघालाय काय? आणि आज निघतोय व्हय? ए, ऐकलीस काय गं? माझं मन राखाय मिस्त्री माझी चुकी आपल्या डोस्क्यावर घ्याय आल्यात."

"न्हाय मामा, खरंच सांगतोय."

"बास की आता. च्या घ्या."

मामी कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "देवमाणूस हाय बाई."

पिन कधीच फाउंड्रीच्या भंगारात गेली होती. दाखवायला हातात काही नव्हतं. तिसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं. मी चहा प्यालो. देवमाणूस म्हणाल्या ते ऐकून बरंसुद्धा वाटलं.

मामानं मानलं नाही, तरी चालण्यासारखं होतं. सांगायला पाहिजे होतं ते मालकांना. ती न मोडणारी पिन मी घातली होती हे त्यांना कळलं असतं, तर लाँच मामाच्या हातात परत आली असती. तीन मोजायला आठ बोटं पुष्कळ होती.

परतीची एस.टी. या खेपेला इचलकरंजीवरून जाणारी मिळाली. कबनूरला थांबली. मालकांचं शेड खिडकीतनं दिसत होतं, मागांचा खडखडाट ऐकू येत होता. दोन माणसं उतरली, एक बाई चढली. कंडक्टरनं विचारलं, "आणि कोण हाय काय उतरणार?"

मी खिडकीशी बसून राहिलो.